शहपुऱ्याची माती, बरगीचं पाणी

गावाची समृद्धी केवळ मेहनतीवर ठरते, असं मला वाटत नाही. जबलपूरजवळचं शहपुरा पाहा. नर्मदाकाठची काळी माती ओल धरते. म्हणून या भागातल्या ‘हवेली’ पद्धतीत उंच बांध घालून पावसाळाभर शेतात पाणी अडवत. ते सोडलं की त्याच ओलीवर गहू-हरभरा पेरत. १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपूरला जोडला गेला आणि धान्याला लांबची बाजारपेठ मिळाली. पुढे बरगी धरण आलं. त्याच्या डाव्या कालव्याचं पाणी जबलपूर-नरसिंहपूरच्या शेतांसाठी. पण वरच्या अंगाला मंडला, सिवनी, जबलपूर जिल्ह्यांतली १६२ गावं बाधित झाली. तिथले गोंड शेतकरी काही कमी कष्टाळू नव्हते. त्यांची जमीन पाण्याखाली गेली.