नऊ आले, पण नाकातच का?

‘नाकी नऊ येणे’ : योग्य अर्थ निवडा.

पोलीस भरतीचा अभ्यास करत असाल तर हा प्रश्न तुम्ही सरावपेपरात चार वेळा तरी सोडवला असेल. ‘फार त्रास होणे’ या पर्यायावर खूण करायची आणि पुढे सरकायचं, एक मार्क खिशात. पण नऊ म्हणजे नऊ काय? आणि ते नाकात का आले, कानात का नाही? शाळेत हे विचारलं असतं तर बहुतेकांना एकच उत्तर मिळालं असतं, ‘पाठ कर, पेपरात येतं.’

या प्रश्नासाठी चारठाण्याला चला. जालन्याहून मंठामार्गे जिंतूरकडे जाताना हे गाव लागतं. गोकुळेश्वराचं जुनं मंदिर, त्याची बारव आणि उंच मानस्तंभ बघायला लोक इथे थांबतात. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावासारखीच इथलीही पहाट भरतीवाल्यांची. मुलांना १६०० मीटर पळायचं असतं, मुलींना ८००. शेवटच्या टप्प्यानंतर गुडघ्यांवर हात टेकून पोरगं म्हणतं, ‘लई दम लागायलाय!’ त्याला कुणी ‘नाकी नऊ आले का रे?’ असं विचारत नाही. पण तीन वर्षं भरतीचे फॉर्म भरून, रूमभाडं आणि मेसचे पैसे जुळवून घरचे थकले, की आईच्या तोंडून आपसूक येतं, ‘ह्याच्या भरतीपायी नाकी नऊ आले बाई.’

दम पळाल्यावर लागतो आणि दोन मिनिटं बसलं की जातो. नाकी नऊ येतात तेव्हा बसून भागत नाही. कारण हा वाक्प्रचार दमण्याचा नाहीच मुळी, तो मरायला टेकण्याचा आहे.

त्यासाठी शरीराला नऊ दारं असतात हे माहीत हवं. दोन डोळे, दोन कान, दोन नाकपुड्या, तोंड आणि मलमूत्राची दोन, मोजून बघा. भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायात देहाला नऊ दारांचं नगर म्हटलंय, आणि कीर्तनांतून ही कल्पना गावोगाव पोचली. आता माणूस शेवटच्या घटका मोजतोय असं समजा. डोळे थिजले, कान ऐकेनात, बोलणं बंद. एकेक दार मिटत जातं आणि सगळ्या नऊ दारांचा जीव नाकाशी येऊन थांबतो. फक्त श्वास तेवढा चालू. म्हणजे नाकी नऊ.

वाक्प्रचाराची ही उकल सगळीकडे सांगितली जाते. मला ती पटते, कारण तिचे सख्खे शेजारी भाषेत हजर आहेत. ‘नाकाशी सूत धरणे’ ऐकलंय? पूर्वी माणूस गेला की आहे हे बघायला नाकापुढे सुताचा धागा धरत. धागा हलला तर श्वास आहे. त्यावरून आता जातो की मग जातो अशा अवस्थेला हा शब्दप्रयोग आला. डॉक्टर आणि स्टेथोस्कोप गावात नव्हते तेव्हा जिवंतपणाचा पुरावा नाकाशीच मिळायचा. दुसरा शेजारी ‘प्राण कंठाशी येणे’. आणि कुणाची फार वाट पाहिली तर ‘डोळ्यांत प्राण आणून’. म्हणजे मराठीत जीव एका जागी बसत नाही, घशापर्यंत चढतो, डोळ्यांत येतो, आणि शेवटचा मुक्काम नाक. हिंदीवाल्यांचंही ‘नाक में दम’ होतंच की, फक्त त्यांनी नऊ मोजले नाहीत.

हा ‘दम’ मात्र भारी शब्द आहे, त्यावर जरा थांबू. फारसीत दम म्हणजे श्वास. आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि त्याआधी कित्येक शतकं सुलतानांच्या राज्यात, त्यामुळे फारसी-उर्दू आपल्या बोलण्यात किती मुरलीय हे वेगळं सांगायला नको. ‘एकदम’ म्हणजे मुळात एका श्वासात. ‘बेदम मारहाण’ ही आमच्या पेशातली लाडकी मथळ्याची जोडी, तिचा अर्थ श्वास उरेपर्यंतही न थांबता मारणं. श्वासाचा आजार तो दमा. बिर्याणीच्या भांड्याचं तोंड कणकेने बंद करून वाफ कोंडतात, तोही दमच. गंमत म्हणजे संस्कृतातही ‘दम’ आहे आणि त्याचा अर्थ निग्रह, स्वतःला आवरणं. ‘शम-दम’मधला. आता ‘जरा दम धर’ म्हणताना आपण श्वास धरायला सांगतो की मन आवरायला? माझ्या मते दोन्ही दम इथे इतके मिसळलेत की वेगळे काढूच नयेत.

कबड्डी खेळणाऱ्यांना तर हे शिकवायची गरज नाही. चढाईला गेलेला गडी ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत दम घालतो. तीस सेकंदांच्या आत परत यायचं आणि दम तुटला की बाद.

एक गोष्ट वाक्प्रचाराच्या बाहेरची, पण कामाची. नाकाशी जीव येणं ही नुसती कल्पना नाही. श्वास घ्यायला फार त्रास होतो तेव्हा नाकपुड्या प्रत्येक श्वासाला फुलतात, आणि लहान बाळांमध्ये डॉक्टर ही खूण आवर्जून बघतात. घरात तान्हं बाळ असेल, त्याच्या नाकपुड्या अशा फुलत असतील, छाती आत ओढली जात असेल, तर ‘सर्दी आहे, उतरेल’ म्हणत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. मोठ्या माणसाचं उलट होतं. पळून दम लागला की नाक पुरत नाही आणि तोंड आपोआप उघडतं. त्यावरूनही म्हण आहेच, नाक दाबलं की तोंड उघडतं. फक्त ती आपण उधारी वसूल करताना वापरतो.

‘फार त्रास होणे’ हे उत्तर चूक नाही, मार्क त्यालाच आहे. पण कॉलेजच्या ग्रुपवर ‘असाइनमेंटने नाकीनऊ आणले यार’ असं टाकताना तुम्ही नऊ दारं, सुताचा धागा आणि कुणाचा तरी शेवटचा श्वास एवढं सगळं एका इमोजीसोबत पाठवत असता. आता घरी आजी असेल तर तिला विचारा, तुमच्याकडे अशा वेळी आणखी काय म्हणायचे. चारठाण्यात आणि सेलूत उत्तर वेगळं मिळू शकतं. मिळालेला शब्द आम्हाला कळवा, पर्यायांत नसलेला असेल तर आधी.