मागची रक्तवाहिनी : स्वादुपिंड, दुर्बीण आणि अनुमान

माझ्या नावामागचं ‘डॉक्टर’ तत्त्वज्ञानाचं आहे, हे आधीच सांगून टाकतो. मागे एका व्याख्यानानंतर एका आजींनी मला गुडघा दाखवला होता! (हशा) तेव्हा शस्त्रक्रिया कशी करावी हे मी सांगणार नाही. सर्जनला जे दिसत नाही ते कसं कळतं, एवढाच माझा प्रश्न.

स्वादुपिंड सुमारे 15 सेंटिमीटर लांब. जठराच्या मागे, कण्यासमोर आडवं. डोकं ड्युओडेनमच्या वळणात बसलेलं, शेपूट प्लीहेपर्यंत. खरी जोखमीची जागा म्हणजे मान. तिच्या अगदी मागे प्लीहेकडून आणि आतड्यांकडून येणाऱ्या दोन मोठ्या शिरा एकत्र येतात आणि यकृताकडे जाणारी पोर्टल व्हेन तयार होते. मान कापण्याआधी ती आणि शीर यांच्यामध्ये वाट काढावी लागते. शिरेची भिंत पातळ. फाटली तर रक्त आवरणं कठीण.

पोट उघडलेलं असलं की बोटांना धमनीचे ठोके लागतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये कॅमेरा सगळं मोठं करून दाखवतो, पण बोटं बाहेर राहतात. मागचं आहे ते अनुमानानंच जाणायचं.

आता न्यायशास्त्र काय म्हणतं बघा. धुरावरून अग्नीचं अनुमान करता येतं, कारण जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती अढळ आहे. शरीररचनेत मात्र ‘बहुधा’ असतं, ‘नेहमीच’ नसतं. मिशेल्स या अमेरिकन शरीररचनातज्ज्ञानं 200 शवांमधल्या यकृताच्या धमन्या तपासून 1966 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुस्तकी रचना आढळली फक्त 55 टक्क्यांमध्ये! काहींत यकृताची उजवी धमनी आतड्याच्या मोठ्या धमनीतून निघते आणि स्वादुपिंडाच्या डोक्यामागून वर जाते. डोकं काढताना ती नकळत कापली गेली, तर यकृताचा रक्तपुरवठा धोक्यात येतोच, शिवाय पित्तनलिकेला रक्त कमी पडून तिचा नवा जोड गळू शकतो. हा दोष हाताच्या कौशल्याचा नाही. व्यभिचारी हेतूवर विसंबून केलेलं ते अनुमान आहे, असं आमचे नैयायिक म्हणतील.

म्हणून आदल्या दिवशी पुस्तक पुरेसं नाही, *या* रुग्णाचा सीटी स्कॅन हवा. तोही नुसता रिपोर्ट नको. धमन्यांचे फोटो सर्जननं स्वतः, एकेक काप पुढे-मागे करत पाहायचे. मला हे फार पटतं. दुसऱ्यानं वाचून सांगितलेलं ते शब्दप्रमाण, स्वतः पाहिलेलं ते वेगळं.

यात जीव पणाला लागलेले असतात. नेदरलँड्समधल्या एका चाचणीत स्वादुपिंडाचं डोकं दुर्बिणीनं काढलेल्या 50 जणांपैकी 5 जण गुंतागुंतीमुळे 90 दिवसांत दगावले. उघड्या शस्त्रक्रियेत 49 पैकी 1. आकडे लहान आहेत, ठाम निष्कर्ष निघत नाही, पण चाचणी मध्येच थांबवली गेली. 2019 मध्ये हे प्रसिद्ध झालं. नंतर 2021 मध्ये चीनमधली मोठी चाचणी आली. तिथे दोन्ही पद्धतींत मृत्यूचं प्रमाण सारखंच निघालं. मात्र त्यातल्या प्रत्येक सर्जननं दुर्बिणीनं अशी किमान 104 ऑपरेशनं आधीच केलेली होती.

तुमच्या घरात कुणावर ही वेळ आलीच, तर न संकोचता दोन प्रश्न विचारा : अशी किती केलीत, आणि धमन्या कशा आहेत ते तुम्ही स्वतः पाहिलंत का?