पीळ सोसणाऱ्या तारा

बैलगाडीच्या चाकाचे आरे तुंब्यातून निघून सरळ पाट्यांकडे जातात. सायकलचे स्पोक मात्र तिरपे निघतात, एकमेकांना ओलांडतात आणि मग रिमला भिडतात. ही जाळी शोभेची नाही. ब्रेक चाकाच्या मध्यावर, म्हणजे हबमध्ये असेल, तर ती किती मोलाची ठरते, हे येथे हिशेबानेच दाखवायचे आहे.

बैल गाडी ओढतो तेव्हा तुंब्याला कोणी पीळ देत नाही. चाक आसावर मोकळे फिरते. म्हणून तेथे सरळ आरे पुरतात. सायकलची गोष्ट वेगळी. जुन्या उंच चाकाच्या सायकलींत पेडल पुढच्या हबलाच जोडलेले असे. पायांनी दिलेला पीळ हबपासून रिमपर्यंत न्यायचे काम तारांचे होते. 1874 मध्ये इंग्लंडातील कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने त्यासाठी हबच्या कडेला स्पर्शून जाणाऱ्या तिरप्या तारांच्या चाकाचे पेटंट घेतले. आजची जाळी तिथूनच आली.

आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलीला दांड्यांचे ब्रेक असत. त्यांचे रबर थेट रिमला दाबते. चाक जिथे धरायचे तिथेच धरले जाते. पुढच्या हबला त्याची झळ लागत नाही. शर्यतीच्या काही सायकलींत पुढचे स्पोक सरळ ठेवणे परवडते, ते याचमुळे. ड्रम किंवा डिस्क ब्रेक मात्र हबला धरतो, आणि धावणारी रिम थांबवायची ती तारांकरवी.

आता आकडे घेऊ. सायकल आणि स्वार मिळून 90 किलो. पुढचा ब्रेक जोरात दाबला, की टायरवर मागच्या दिशेने सुमारे 45 किलोचे बल येते. चाकाची त्रिज्या 34 सेंटिमीटर. प्रत्येक स्पोक आपल्या बाजूच्या तिघांना ओलांडत असेल, तर लहान हबवर त्याला सुमारे 2 सेंटिमीटरची तरफ मिळते. म्हणजे बल सतरापट होऊन 765 किलो झाले. 36 स्पोकांत वाटले, की प्रत्येकी 21 किलो. स्पोक आधीच सुमारे 100 किलोने ताणलेले असतात. ब्रेक लागताच निम्मे 121 वर चढतात, निम्मे 79 वर उतरतात. कोणी तुटण्याच्या बेतात नाही, कोणी सैल पडत नाही.

हेच स्पोक सरळ बसवले, तर तरफ शून्य. हब स्वतः थोडा वळेल, तेव्हाच स्पोक तिरपे होऊन पीळ पेलू लागतील. रिम अजिबात दबत नाही असे धरून मी गणित केले, तेव्हा हब सुमारे 7 अंश वळतो आणि एकूण एक स्पोकाचा ताण 40 किलोंनी वाढतो, असे उत्तर आले. ब्रेक सोडला की हब परत येतो. दर ब्रेकला स्पोकाचे वाकडे डोके हबच्या भोकात असे हलते, आणि पोलाद एका झटक्याने नव्हे, अशा येरझाऱ्यांनी थकून तुटते. ताणलेली सरळ तार हबची कडही बाहेर ओढते. भोकांपासून कडेपर्यंत धातू जेमतेम असतो.

मागच्या चाकात जाळीचा दुसरा गुण दिसतो. साखळी हबला पुढे फिरवते, हबमधला ब्रेक उलट रोखतो. पेडल मारताना ज्या तारा ताणल्या जातात, त्या ब्रेक लावताना हलक्या होतात, आणि त्यांच्या जोडीदारिणी भार घेतात.

हबची कड मोठी असेल, तर तरफ वाढते आणि प्रत्येक तारेचा वाटा घटतो. ड्रम ब्रेकच्या रुंद हबचा हा आयता फायदा. सरळ तारांचे पुढचे चाक दिसायला देखणे असते, पण ते घेण्यापूर्वी हबकडे एकदा पाहावे. तेथे डिस्क किंवा ड्रम दिसला, तर तारा एकमेकींना ओलांडणाऱ्याच हव्यात.