मेणासकट मध : सह्याद्रीतील पोळे, चव आणि पारख

महाराष्ट्रातील बहुतेक शहरी घरांत मध हा औषधाच्या कप्प्यातील पदार्थ झाला आहे. तो सर्दी-खोकल्याला, पूजेच्या पंचामृताला किंवा सकाळच्या कोमट पाण्यात टाकायला म्हणून आणला जातो, आणि बरणी कोणत्याही महिन्यात उघडली तरी रंग, दाटपणा व चव तीच असावी अशी अपेक्षा असते. या अपेक्षेनेच मधाचे मोठे नुकसान केले आहे. एप्रिल-मे महिन्यांत महाबळेश्वराच्या रानात जांभळाच्या फुलोऱ्यावर साठलेला मध आणि पावसाळा सरताना कारवीच्या फुलोऱ्यावर साठलेला मध हे चवीने, रंगाने व घटकांनीही दोन वेगळे पदार्थ आहेत, आणि त्यांच्यातील हा भेद ज्या रूपात सर्वांत शाबूत राहतो ते रूप म्हणजे न तापवलेला, शक्य असेल तर पोळ्यातच मेणासकट असलेला मध.

पोळे ही वसाहतीची सर्वांत खर्चिक निर्मिती असते. कामकरी माश्यांच्या पोटाखालील ग्रंथींतून मेणाचे बारीक पापुद्रे स्रवतात, ते चावून मऊ केले जातात आणि त्यांतून षट्कोनी घरे उभी राहतात. एक किलो मेण तयार होण्यासाठी माश्यांना सहा ते आठ किलो मध खर्ची घालावा लागतो, असा मधमाशीपालनातील सर्वसाधारण हिशेब आहे. समान क्षेत्रफळाच्या घरांत एखादा पृष्ठभाग विभागायचा झाल्यास षट्कोनी रचनेलाच सर्वांत कमी भिंत लागते, हा अंदाज प्राचीन ग्रीक गणितज्ञ पॅपसपासून चालत आला होता, आणि त्याची गणिती सिद्धता अमेरिकी गणितज्ञ थॉमस हेल्स यांनी 1999 मध्ये दिली. या घरांत येतो तो मकरंद, म्हणजे फुलातील गोड रस, आणि त्यात बहुतांश पाणीच असते. माश्या तो परस्परांच्या तोंडातून फिरवतात, त्यात स्वतःचे पाचक रस मिसळतात, साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज या दोन साध्या शर्करांत विघटन करतात आणि पंखांनी वारा घालून पाणी उडवतात. ते सुमारे 18 ते 20 टक्क्यांवर आले, की घरावर मेणाचे पातळ झाकण बसते. पक्व मधाची खूण ती हीच. झाकण न बसलेल्या घरांतील रस गोड असला तरी तो अजून मध झालेला नसतो, म्हणून पोळे निवडताना सर्वांत आधी ही झाकणे पाहावीत.

महाराष्ट्रात मधासाठी ओळखल्या जाणाऱ्या माश्यांची पोळी एकमेकींपासून फार वेगळी असतात. आग्या माशी उंच झाडाच्या फांदीला, कड्याला किंवा इमारतीच्या छज्ज्याला मीटरभर रुंदीचे एकच उघडे पोळे लटकवते, ऋतूनुसार स्थलांतर करते आणि कोणत्याही पेटीत नांदत नाही. फुलोरी माशी आकाराने लहान आणि स्वभावाने सौम्य असते; तिचे तळहाताएवढे पोळे झुडपाच्या काटकीभोवती गुंफलेले असते, आणि काटकीच्या वरच्या अंगाला मधाने भरलेल्या खोल घरांचा एक गड्डा तयार होतो, ज्याला खेड्यापाड्यांत कांदा म्हणतात. ग्रामीण महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी मधाची पहिली चव या कांद्यावरच घेतली आहे. सातेरी माशी झाडाच्या ढोलीत किंवा खडकाच्या फटीत समांतर पोळ्यांच्या रांगा बांधते, त्यामुळे ती लाकडी पेटीतही रमते. मेलिफेरा ही युरोपीय माशी 1960 च्या दशकात पंजाबात यशस्वीपणे रुजली आणि आज देशातील व्यापारी मधाचा मोठा भाग तिच्याकडून येतो. यांशिवाय भिंतीच्या भेगांत राहणारी बारीक, डंखहीन माशी आहे. ती षट्कोनी घरांऐवजी मेण व झाडांचा डिंक यांच्या छोट्या कुप्यांत मध साठवते, आणि तिचा पातळ, आंबूस मध इतर कोणत्याही मधासारखा लागत नाही.

पोळे खाण्याची रीत सोपी असली तरी ती ठाऊक असावी लागते. पूर्ण पोळ्यात तीन वेगळे भाग असतात : वरच्या बाजूला मधाची घरे, त्यांच्या लगत फुलांच्या परागकणांनी भरलेली घरे, आणि खाली अंडी, अळ्या व कोष असलेला पिलाव्याचा भाग. खाण्याजोगा भाग पहिला. त्याचा तुकडा तोंडात घेऊन हलके चावला, की झाकणे फुटतात, मध एकदम न येता घराघरातून झिरपत येतो, आणि मेणाचा मंद सुगंध त्यात मिसळतो. बरणीतल्या मधाला हा सुगंध नसतो, कारण तो हवेशी संपर्क आल्यावर आणि उष्णतेने झपाट्याने उडून जातो. उरलेला मेणाचा गोळा थुंकून टाकावा. थोडा गिळला गेला तरी निरोगी माणसाला अपाय होत नाही, कारण मेण पचत नाही आणि तसेच बाहेर पडते. परागाची घरे पिवळी, केशरी किंवा तपकिरी दिसतात व चवीला तुरट-आंबट लागतात. ती काहींना आवडतात, पण परागाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ती टाळलेली बरी. ज्या पोळ्यात पिलावा वाढून गेला आहे त्याचे मेण काळपट व चिवट होते, म्हणून खाण्यासाठी नव्याने बांधलेले, फिकट, कोवळे पोळेच निवडतात. बाजरीची गरम भाकरी, तिच्यावर ताजे लोणी आणि लोण्यावर पोळ्याचा तुकडा ठेवल्यास मेण भाकरीच्या उबेने केवळ मऊ होते, कारण ते वितळण्यास 62 अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागते. मधाच्या चवीला याहून चांगली जोड क्वचितच सापडेल.

मध पोळ्यापासून वेगळा करून विकण्याची आजची पद्धत फार जुनी नाही. पूर्वी पोळे पिळून किंवा कुस्करून मध काढत आणि त्यात पराग, मेण व अळ्यांचा रसही उतरे. 1851 मध्ये अमेरिकेत लॅंगस्ट्रॉथ यांनी काढता-घालता येणाऱ्या चौकटींची पेटी सिद्ध केली, आणि 1865 मध्ये फ्रान्झ फॉन ऱ्हुष्का यांनी चौकट गरगर फिरवून पोळे न मोडता मध बाहेर फेकणारे यंत्र पुढे आणले. पोळे पुन्हा वापरता येऊ लागल्याने माश्यांचे मेणाचे श्रम वाचले व उत्पादन वाढले. पण त्याचबरोबर भेसळही सोपी झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी ग्राहक यंत्राने काढलेल्या मधावर, त्यात मक्याचे सरबत मिसळले जाते या शंकेने, विश्वास ठेवीनासा झाला आणि छोट्या लाकडी चौकटींत बांधून घेतलेले पोळेच विकत घेऊ लागला. 1906 च्या शुद्ध अन्न व औषध कायद्यानंतर ही शंका हळूहळू ओसरली. भारतात त्याच शंकेने 2020 मध्ये पुन्हा डोके वर काढले, जेव्हा सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने तपासलेल्या 13 ब्रँडपैकी केवळ 3 ब्रँड सर्व चाचण्यांत उतरले. पोळे हा मात्र शुद्धतेचा निर्विवाद दाखला नव्हे, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. माश्यांना साखरेचा पाक पाजून भरवलेले पोळेही दिसायला तितकेच देखणे असते. म्हणून पोळ्याइतकेच महत्त्व ते कोठून व कोणत्या फुलोऱ्यात आले या माहितीला आहे.

न तापवलेला मध, ज्याला कच्चा मध म्हटले जाते, तो केवळ स्थूल गाळणीतून गाळलेला असतो. व्यापारी मध मात्र बहुधा 60 अंशांच्या आसपास तापवला जातो, आणि त्यामागे खरी कारणे आहेत : त्याने किण्व, म्हणजे मध आंबवणारे सूक्ष्म जीव मरतात, जादा पाणी काढता येते आणि स्फटिक विरघळून मध काचेसारखा दिसतो. या प्रक्रियेत मधातील काही विकरे, म्हणजे माश्यांनी मिसळलेले पाचक घटक, मंदावतात वा नष्ट होतात आणि सुगंध कमी होतो. भारतीय अन्नमानकांनी मधातील पाण्याची कमाल मर्यादा 20 टक्के ठेवली आहे; आग्या माशीच्या रानमधात पाणी अनेकदा याहून जास्त असते, त्यामुळे तो लवकर फसफसतो, आणि तो कोरड्या, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवून लवकर संपवणेच इष्ट. मध गोठणे हे मात्र भेसळीचे लक्षण नव्हे. ग्लुकोज अधिक असलेला मोहरीचा किंवा सूर्यफुलाचा मध काही आठवड्यांतच रवाळ होतो, आणि तो तसाच खावा. काडी पेटवून पाहणे किंवा पाण्याच्या पेल्यात थेंब टाकणे या घरगुती चाचण्यांतून शुद्धता सिद्ध होत नाही.

चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांनी मध तापवण्यास निषेध केला आहे, आणि सुश्रुतसंहितेने माक्षिक, भ्रामर, क्षौद्र, पौत्तिक अशा नावांनी मधाचे आठ प्रकार मानले आहेत. मध एकच नसतो ही जाण या भूमीत किती जुनी आहे, ते यावरून दिसते. बाळाला जन्मतःच मध चाटवण्याची किंवा गुटी मधात उगाळण्याची प्रथा मात्र सोडून द्यावी, कारण मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यांत ते निरुपद्रवी ठरतात, परंतु वर्षाच्या आतील बाळात त्यांच्यापासून स्नायू लुळे पाडणारे विष तयार होऊ शकते. मध कच्चा असो वा तापवलेला, हा धोका दोन्हींत राहतो.

महाराष्ट्राच्या मधाचे खरे वैभव सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. महाबळेश्वर परिसरात जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा या झाडांवर सातेरी माशीचा उन्हाळी मध होतो; जांभळाच्या मधाला गडद रंग व किंचित कडवट छटा असते, आणि ती छटा दोष समजून नाकारणारे ग्राहक त्याचे सत्त्वच नाकारतात. कारवीचा मध तर दुर्मीळच, कारण हे झुडूप आठ वर्षांतून एकदा सामूहिकपणे फुलते आणि मग मरते. भारतीय अन्नमानकांत साध्या मधासाठी सुक्रोज या साखरेची मर्यादा 5 टक्के असताना कारवीच्या मधाला वनस्पतीच्या नावानिशी 10 टक्क्यांपर्यंत मुभा दिलेली आहे. या डोंगरांवरच्या एका झुडपाची दखल राष्ट्रीय मानकाला घ्यावी लागली, याचा मराठी वाचकाला अभिमान वाटावा. महाबळेश्वराजवळील मांघर हे 2022 मध्ये मधाचे गाव म्हणून घोषित झाले, आणि पुढे कोल्हापूर जिल्ह्यातील भुदरगड तालुक्याचे पाटगावही त्या वाटेने गेले.

रानातील आग्या मोहोळाचा प्रश्न मात्र नाजूक आहे. मशाल पेटवून माश्या जाळायच्या आणि पोळे पिलाव्यासकट उतरवायचे, ही मोहोळ झाडण्याची जुनी पद्धत वसाहत संपवते आणि मधात अळ्यांचा रस व धुराचा वास मिसळते. म्हणजे क्रूरपणे काढलेला मध बेचवही होतो. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेने विदर्भातील मध गोळा करणाऱ्या आदिवासींना संरक्षक पोशाख घालून, सौम्य धूर देऊन, फक्त मधाचा भाग कापून घेण्याचे शिक्षण दिले. असे कापलेले पोळे माश्या पुन्हा भरतात, आणि मध स्वच्छ राहिल्याने त्याला भावही चांगला येतो. या कसबाची किंमत ग्राहकाने मोजली, तरच ते टिकेल.

तेव्हा मध घेताना लेबलावरील सोनेरी माशी पाहण्यापेक्षा विक्रेत्याला चार प्रश्न विचारावेत : माशी कोणती, फुलोरा कोणता, काढणी कोणत्या महिन्यातली, आणि मध तापवला आहे का. ज्याला ही उत्तरे देता येतात त्याच्याकडून थोडा घ्यावा, ऋतूप्रमाणे घ्यावा, आणि कारवीच्या मधासाठी वाट पाहण्याची तयारी ठेवावी. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कारवी 2016 मध्ये फुलली, त्यानंतर 2024 मध्ये फुलली, आणि त्या क्रमाने तिचा पुढचा बहर 2032 मध्ये येईल.