निर्वात संमार्जक, घरगुती

निर्वात संमार्जक, घरगुती : विजेच्या चलित्राने फिरणाऱ्या पंख्याच्या साहाय्याने अंशतः निर्वात निर्माण करून, आत ओढल्या जाणाऱ्या हवेबरोबर धूळ, केर, केस, तंतू इ. शोषून घेणारे व ते गाळणीत अडवून हवा बाहेर सोडणारे उपकरण. व्यवहारात ते ‘व्हॅक्युम क्लीनर’ या नावानेच ओळखले जाते. केरसुणीने धूळ ढकलली जाते व तिचा सूक्ष्म भाग हवेत उडून काही वेळाने पुन्हा खाली बसतो. या उपकरणात धूळ उचलली जाऊन बंदिस्त पिशवीत वा डब्यात साठते, हा दोहोंतील मुख्य फरक होय. मात्र हा लाभ गाळणी चांगली असेल तरच मिळतो. ती सदोष असल्यास अगदी बारीक, म्हणजे श्वासावाटे खोलवर जाऊ शकणारी धूळ यंत्राच्या मागील बाजूने खोलीभर पसरते.

इतिहास : ह्यूबर्ट सेसिल बूथ या ब्रिटिश अभियंत्याने १९०१ मध्ये शोषणाच्या तत्त्वावरील संमार्जकाचे एकस्व (पेटंट) घेतले. त्यापूर्वीची काही यंत्रे धूळ फुंकून उडवीत असत. बूथ यांचे यंत्र घोडागाडीवर बसविलेले असून ते रस्त्यावर उभे करून लांब नळ्या खिडक्यांतून घरात नेत. १९०२ मध्ये सातव्या एडवर्ड यांच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे त्याने स्वच्छ करण्यात आले. ओहायओ राज्यातील (अमेरिका) जेम्स मरी स्पँग्लर हे झाडलोटीचे काम करीत व त्यांना दम्याचा विकार होता. झाडण्याने उडणाऱ्या धुळीवर उपाय म्हणून त्यांनी हाताने ढकलता येणारे विजेचे यंत्र बनविले व १९०८ मध्ये त्याचे एकस्व मिळविले. पुढे हूव्हर कंपनीने त्याचे उत्पादन केले. जमिनीवरून ओढत नेता येणारे, लवचिक नळीचे नळकांडी यंत्र इलेक्ट्रोलक्स या स्वीडिश कंपनीने १९२१ मध्ये बाजारात आणले. भारतीय घरांत आज दिसणारी बहुतेक यंत्रे याच घाटाची आहेत. भारतात या उपकरणाचा प्रसार मुख्यतः १९८२ मध्ये स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्ज कंपनीच्या दारोदार विक्रीमुळे झाला. विक्रेता घरी येऊन गादीवर प्रयोग करून दाखवी व गाळणीवर जमलेली धूळ पाहून गृहिणीची खात्री पटे. विक्रीची ही युक्ती तांत्रिक दृष्ट्याही योग्यच होती, कारण भारतीय घरात या यंत्राचे खरे काम जमिनीपेक्षा गादीवरच अधिक असते.

कार्यतत्त्व : यंत्रातील चलित्र मिनिटाला सु. २०,००० ते ३५,००० फेरे घेते. त्याच्या पंख्यामुळे आतील दाब बाहेरील वातावरणापेक्षा सु. १५ ते २५ किलोपास्कल कमी होतो. वातावरणाचा दाब सु. १०१ किलोपास्कल असल्याने ‘निर्वात’ हे नाव अतिशयोक्तीचेच आहे. धूळ उचलण्यासाठी दाबातील फरक व हवेचा प्रवाह या दोहोंची गरज असते. नळीचे तोंड तळहाताने पूर्ण बंद केल्यास दाबातील फरक सर्वाधिक होतो, पण प्रवाह शून्य असल्याने काम काहीच होत नाही. उलट तोंड मोकळे सोडल्यास प्रवाह मोठा पण ओढ अल्प असते. या दोन राशींच्या गुणाकारास वायुशक्ती म्हणतात. उदा., प्रवाह सेकंदाला २० लिटर व दाबातील फरक १२ किलोपास्कल असल्यास वायुशक्ती २४० वॉट होते.

खोक्यावर ठळकपणे छापलेला वॉटचा आकडा हा चलित्र किती वीज घेते ते सांगतो, किती धूळ उचलली जाईल ते सांगत नाही. यूरोपीय संघाने या उपकरणांच्या वीजग्रहणावर सप्टेंबर २०१४ पासून १,६०० वॉटची व सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॉटची मर्यादा घातली. त्यानंतरही तेथील गालिचे स्वच्छ होत राहिले, यावरून अधिक वॉट म्हणजे अधिक चांगले यंत्र ही समजूत कितपत खरी आहे हे दिसते. ग्राहकाने वायुशक्तीचा आकडा विचारावा. तो न मिळाल्यास यंत्र प्रत्यक्ष आपल्या गादीवर चालवून पाहावे.

नळ्या व जोडसाधने : घरगुती यंत्रांच्या नळ्या व दांडे बहुधा ३२ किंवा ३५ मिमी. व्यासाचे असतात. हा फरक किरकोळ वाटला, तरी नळीतील दाबाचा ऱ्हास दिलेल्या प्रवाहासाठी व्यासाच्या सु. पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्यामुळे ३५ मिमी. नळीच्या मानाने तितक्याच लांबीच्या ३२ मिमी. नळीत हा ऱ्हास दीडपटीहून अधिक होतो. नळी जोडून लांब केल्यासही ओढ घटते. दुसऱ्या कंपनीची नळी किंवा मुख घेताना आपल्या दांड्याचा बाहेरील व्यास मोजून न्यावा. निमुळता जोडतुकडा लावून काम भागते, परंतु सांध्यातून हवा आत शिरल्यास मुखाशी ओढ उरत नाही. नळीला चीर पडली आहे काय हे ओळखण्याची सोपी खूण अशी : यंत्र चालू करून दांड्याचे तोंड तळहाताने बंद करावे. हवा अडल्याने चलित्रावरील भार कमी होऊन त्याची गती वाढते व आवाज चढतो. तो चढला नाही, तर हवा वाटेतच कोठूनतरी आत येत आहे. हात न लावताच आवाज चढलेला असल्यास पिशवी भरली आहे किंवा नळीत बोळा अडकला आहे, असे समजावे.

शहाबादी फरशी वा लादी असलेल्या घरात जमिनीसाठी ओले फडके जवळजवळ तितकेच उपयुक्त व पुष्कळच स्वस्त असते. या यंत्राची किंमत वसूल होते ती केरसुणी व फडके जेथे पोहोचत नाहीत तेथे, म्हणजे जोडसाधनांच्या योगे. चपट्या चिंचोळ्या मुखातून हवेचा वेग वाढतो पण प्रमाण घटते. म्हणून ते कपाटामागील फट, सोफ्याचे कोपरे, खिडकीच्या सरकत्या चौकटीची खाच यांपुरतेच वापरावे. बऱ्याच यंत्रांत चलित्र याच हवेने थंड होत असल्याने ते फार वेळ लावून ठेवू नये. मऊ केसांचे गोल ब्रशमुख जाळी, पुस्तके व पंख्याच्या पात्यांसाठी असते (पंखा अर्थातच बंद करून). गादीसाठीच्या रुंद मुखास तंतूंची पट्टी असते. ते घाईने न फिरविता सावकाश ओढावे. गादीतील धूलिकीटक मानवी त्वचेच्या कोंड्यावर जगतात व त्यांची विष्ठा अनेकांत दमा व ॲलर्जी उत्पन्न करते. शोषणाने पृष्ठभागावरील विष्ठा व कोंडा बऱ्याच अंशी निघतो, परंतु आतील कीटक जिवंत राहतात. त्यांसाठी चादरी व अभ्रे ५५° से. किंवा अधिक तापमानाच्या पाण्यात धुवावे लागतात. फिरत्या रुळाचे मुख गालिच्यासाठी असते. ज्या घरात गालिचा नाही त्याने त्यासाठी पैसे खर्च करू नयेत.

यंत्रमागांच्या वस्तीतील वापर : ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे मोठे केंद्र असून तेथील कामतघर परिसरात मागांचे कारखाने व राहती घरे शेजारीशेजारी आहेत. अशा वस्तीतील घरधूळ नेहमीपेक्षा वेगळी असते. तीत सुताचे आखूड तंतू आणि ताण्याच्या सुताला लावलेल्या खळीची वाळलेली भुकटी असते. कापसाच्या धुळीत दीर्घकाळ काम केल्याने बिसिनोसिस हा श्वसनरोग होतो. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे हे त्याचे आरंभीचे लक्षण होय. विणाईपेक्षा पिंजणाच्या खात्यांत तो अधिक आढळतो. अमेरिकेत १९७८ च्या नियमांनी कापूसधुळीची मर्यादा सूतनिर्मितीत घनमीटरला २०० व विणाईत ७५० मायक्रोग्रॅम ठरविली आणि दुसरा उपाय शक्य असेल तेथे दाबाच्या हवेने धूळ फुंकून काढण्यास मनाई केली. ही मर्यादा कामगारांसाठी आहे, घरांसाठी नव्हे. पण फुंकलेली धूळ नाहीशी होत नाही, ती फक्त दुसरीकडे जाते, हे त्यामागील कारण घरालाही लागू पडते. म्हणून या यंत्राची फुंकण्याची सोय अशा घरात वापरू नये. मागावरून परतलेल्या माणसाचे कपडेही घरात न झटकता दाराबाहेर बदलावेत किंवा धुण्यापूर्वी त्यांवरून गादीचे मुख फिरवावे.

तंतू खिडकीच्या जाळीवर नमद्यासारखा थर धरतात. तो प्रथम कोरडाच ब्रशमुखाने शोषून घ्यावा, कारण आधी ओले फडके लावल्यास खळ चिकट होऊन जाळीची छिद्रे बुजतात. काम वरून खाली करावे : पंखा, जाळी, कपाटाचा माथा, शीतकपाटाची मागील नळ्यांची चौकट (वीज बंद करून), गादी व शेवटी जमीन. नंतर जमीन ओल्या फडक्याने पुसावी. तंतू रुळाच्या ब्रशला गुंडाळले जातात व नळीच्या वाकणात बोळा होऊन बसतात. यास्तव येथे रूळ नसलेले रुंद मुख व मोठ्या पिशवीचे यंत्र सोयीचे. चक्रवाती पद्धतीच्या पारदर्शक डब्यात हलक्या तंतूंचा पुंजका होऊन तो वारंवार काढावा लागतो. मात्र पिशव्यांचा खर्च वाचतो.

गाळणी व देखभाल : सूक्ष्म कणांसाठीच्या ‘हेपा’ गाळणीची अमेरिकी व्याख्या ०.३ मायक्रोमीटर आकाराचे ९९.९७ टक्के कण अडविणारी, अशी आहे. यंत्राच्या सांध्यांतून हवा निसटत असेल, तर या आकड्याला अर्थ राहत नाही. घरात दमेकरी असल्यास या गाळणीवरील खर्च योग्यच होय, आणि पिशवी त्याने स्वतः रिकामी करू नये. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात दमट तंतू पिशवीत राहिल्यास बुरशी येते. म्हणून त्या दिवसांत पिशवी अर्धी भरताच बदलावी. धुण्याजोगी गाळणी पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नये, व ती वाळायला वेळ लागत असल्याने दुसरी गाळणी हाताशी असावी. रांगोळी म्हणजे दगडाची बारीक भुकटी असून तिने गाळणी लवकर बुजते. सिमेंटचेही तसेच. पाणी फक्त ओल्या-सुक्या दोन्ही कामांसाठी बनविलेल्या यंत्रानेच ओढावे.

१,२०० वॉटचे यंत्र २३० व्होल्टला सु. ५.२ अँपिअर प्रवाह घेते व १५ मिनिटांत ०.३ युनिट वीज वापरते. याहून मोठ्या यंत्रास १६ अँपिअरची खोबणी आवश्यक आहे. उदबत्तीची राख, जळती काडी वा निखारा शोषू नये. घरगुती यंत्राच्या चलित्रातील कार्बनी ब्रशांपाशी ठिणग्या उडतात आणि पिशवीतील कापूस लवकर पेट घेतो. याच कारणास्तव घरचे यंत्र मागाच्या कारखान्यात झाडण्यासाठी नेऊ नये. त्या कामासाठी ज्वालाग्राही धुळीकरिता बनविलेली, भूयोजन केलेल्या नळ्यांची औद्योगिक यंत्रे वेगळी मिळतात.