वजनाचा काटा अडतो तेव्हा

मागच्या व्याख्यानानंतर ज्या चिठ्ठ्या आल्या, त्यातल्या बऱ्याच एकाच गोष्टीबद्दल आहेत. सुरुवातीला पाच-सहा किलो भराभर उतरले, चालणं चालू आहे, गोड बंद आहे, रात्रीचा भात सोडला; आणि आता दोन महिने झाले, काटा हलत नाही. एका ताईंनी लिहिलंय, ‘घरचे म्हणतात, तू चोरून खात असशील.’ हे वाक्य आम्हांला लागलं. म्हणून आजचा ठरलेला विषय बाजूला ठेवून आपण हाच प्रश्न घेऊ या.

आधी एक जुना हिशेब तपासू. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. मग रोज २५० कॅलरी कमी खा, वर्षात जवळजवळ १२ किलो उतरतील, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. मॅक्स विश्नॉफ्स्की नावाच्या डॉक्टरांनी १९५८ साली पौंडाच्या मापात मांडलेला हा आकडा. आता तो पुढे चालवून बघा. दुसऱ्या वर्षी आणखी १२, तिसऱ्या वर्षी आणखी १२. म्हणजे ८० किलोचा माणूस सात वर्षांत नाहीसाच व्हायला पाहिजे! तसं होत नाही, कारण वजन उतरलं की खर्चही उतरतो. ८० किलो घेऊन जिना चढणं वेगळं आणि ७२ किलो घेऊन चढणं वेगळं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सुधारलेला हिशेब मांडला. रोज सुमारे २४ कॅलरींची कायमची कपात केली की शेवटी एक किलो उतरतो. त्यातली निम्मी घट पहिल्या वर्षात होते आणि जवळपास सगळी तीन वर्षांत. म्हणजे २५० कॅलरींच्या कपातीने एकूण दहाएक किलो, आणि पहिल्या वर्षी पाच. त्यानंतर वजन थांबणारच, कारण तोच आहार आता नव्या शरीराला पुरेसा झालेला असतो.

पण मग हे थांबणं दोन-तीन वर्षांनी यायला हवं. आपल्याकडे ते सहाव्या-आठव्या महिन्यातच का येतं?

यावर हमखास उत्तर मिळतं, ‘मेटाबॉलिझम मंदावला.’ ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांचं वजन चतुर्थांशाने घटलं, आणि बसल्या जागचा ऊर्जाखर्च सुमारे ४० टक्क्यांनी. अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली, त्यांचाही खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला ५०० कॅलरींनी कमी भरला. पण ही टोकाची उदाहरणं आहेत. ती सहा किलो उतरवलेल्या माणसाला जशीच्या तशी चिकटवू नयेत. सर्वसाधारणपणे एक किलो उतरला की रोजचा खर्च २०-३० कॅलरींनी कमी होतो. सहा किलोंना फार तर दीडशे-पावणेदोनशे.

मोठा भाग भुकेचा आहे, आणि तो मोजणं फार अवघड होतं. कारण आहार पाळणारा माणूस मुद्दाम भूक आवरतो. २०१६ मध्ये हॉल आणि सहकाऱ्यांनी यातून एक वाट काढली. मधुमेहाचं एक औषध लघवीतून साखर बाहेर टाकतं. रोज कॅलरी जातात, आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. वर्षभर कॅलरी जातच राहिल्या, पण वजन काही किलोंवर येऊन थांबलं. का? तर एक किलो उतरला की माणसं नकळत रोज सुमारे १०० कॅलरी जास्त खात होती. हा ओढा खर्चातल्या घटीच्या तिपटीहून जास्त आहे. म्हणजे सहा किलो उतरवलेल्या माणसाला शरीर रोज सहाशे कॅलरींनी जेवणाकडे ओढत असतं. तो त्यातले साडेतीनशे आवरतो, उरलेले कुठून तरी आत येतात. त्याला वाटतं, आपण पहिल्या दिवशी होतो तितकेच कडक आहोत. आणि कष्टाच्या बाबतीत ते खरंही असतं.

आत येतात म्हणजे कुठून? तर फोडणीतून. बाटलीतून सरळ ओतलेल्या तेलाची धार कधी एक चमचा असते, कधी तीन. छोट्या चमच्याला ४५ कॅलरी. कोशिंबिरीतलं दाण्याचं कूट, मुलाच्या ताटात उरलेली अर्धी पोळी, पाहुण्यांबरोबरचा तिसरा चहा. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे १७० कॅलरींच्या आसपास. ७० किलोच्या माणसाचं अर्ध्या तासाचं बऱ्यापैकी भरभर चालणं १२० च्या आसपास. आणि उपवासाच्या साबुदाण्याच्या खिचडीबद्दल आम्ही काही बोलत नाही, तुम्ही रागवाल.

याला चोरून खाणं म्हणायचं नाही. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली ‘काही केलं तरी उतरत नाही’ असं सांगणाऱ्या दहा जणांचं मोजमाप झालं. त्यांचा मेटाबॉलिझम ठीक होता. खाण्याची नोंद मात्र प्रत्यक्षाच्या जेमतेम निम्मी. हसू नका, कारण पुढे आहारतज्ज्ञांची अशीच तपासणी झाली, तेव्हा त्यांच्याही नोंदी कमीच निघाल्या.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे खरंच अडलंय का ते पाहा. मीठ, मासिक पाळी, नव्याने सुरू केलेला जोरकस व्यायाम यांनी एक-दोन किलो पाणी सहज वर-खाली होतं. चार आठवड्यांची सरासरी बघितल्याशिवाय काही बदलू नका. त्यानंतर एकच आठवडा तेल चमच्याने मोजा आणि तोंडात जाणारं सगळं लिहा, जेवल्यावर लगेच. रात्री आठवून लिहिलेलं उपयोगाचं नाही. जेवणात डाळ, उसळ, अंडी, दही वाढवा, त्याने भूक जरा थोपते. आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा किंवा उठाबशांसारखा व्यायाम करा, म्हणजे स्नायू टिकतील. दोन वेळच्या जेवणाचं एक करू नका. ओढा त्याने कमी होत नाही, वाढतोच.

आणि थांबलेलं वजन तिथेच धरून ठेवणं हाही एक रास्त निर्णय आहे, असं आम्ही म्हणू. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांचं सरासरी साडेपाच किलोंच्या आसपास वजन उतरलं आणि मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी आपल्याच लोकांवर केलेली चाचणी २००६ मध्ये आली. तिथे आहार-व्यायामाने मधुमेह २८.५ टक्क्यांनी कमी झाला, आणि त्या गटाचं वजन म्हणावं असं उतरलंच नव्हतं. तेव्हा काट्याबरोबर कमरेचं माप आणि साखरेचा रिपोर्टही बघत चला.

थकवा, केस गळणं, पाळी अनियमित होणं असं काही सोबत असेल, तर मात्र थायरॉइडची टीएसएच तपासणी करून घ्या. इन्सुलिन, स्टेरॉइड, नैराश्यावरची काही औषधं यांनीही वजन वाढतं. ती चालू असतील तर डॉक्टरांशी बोला, पण स्वतःहून गोळी बंद करू नका.