खून उशिरा का होतो?

रहस्यपटाकडून प्रेक्षकाच्या काही अपेक्षा ठरलेल्या असतात. प्रारंभीच प्रेत दिसावे, पाठोपाठ चाणाक्ष गुप्तहेर यावा, चार-पाच संशयितांपैकी जो सर्वांत निरुपद्रवी वाटतो तोच शेवटी खुनी निघावा आणि दिवे लागण्यापूर्वी त्याच्या हातांत बेड्या पडाव्यात. मराठी वाचकाला तर ही सवय बालपणापासूनच लागलेली असते. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार काय किंवा काळा पहाड काय, खोलीच्या उंबरठ्यावर रेंगाळत बसणाऱ्यांपैकी नव्हे. अशा वाचनावर पोसलेला रसिक जेव्हा जुन्या काळातील, पुष्कळ पात्रांचा आणि संथ चालीचा खुनाचा चित्रपट पाहावयास जातो, तेव्हा मध्यंतरात त्याच्या तोंडून एकच प्रश्न बाहेर पडतो: अजून खून कसा होत नाही?

या प्रकारच्या चित्रपटांत ज्याचे नाव हटकून घेतले जाते तो म्हणजे रॉबर्ट आल्टमन या अमेरिकन दिग्दर्शकाचा २००१ सालचा ‘गॉसफर्ड पार्क’. कथानक १९३२ च्या नोव्हेंबरातील. इंग्लंडमधील एका खेड्यातल्या मोठ्या वाड्यात सर विल्यम मॅककॉर्डल यांच्याकडे शिकारीच्या निमित्ताने पाहुणे जमले आहेत आणि बहुतेक पाहुण्यांबरोबर त्यांचे चाकर किंवा दासी आलेल्या आहेत. माडीवर धनीमंडळी, तळघरात नोकरमंडळी. चित्रपट सव्वादोन तासांहून थोडा मोठा आणि त्यातला पहिला तास उलटून गेल्यावर यजमानाचा खून होतो. ज्युलियन फेलोज यांना या पटकथेसाठी ऑस्कर पारितोषिक मिळाले. तरीसुद्धा प्रेक्षकांत त्याविषयी एकमत कधीच झाले नाही.

नाराज प्रेक्षकांचे म्हणणे थोडक्यात असे. पात्रे इतकी की कोण कोणाचा मेहुणा हे लक्षात येईपर्यंत निम्मा चित्रपट संपतो. सगळे एकदमच बोलतात, त्यामुळे कोणाचे ऐकावे ते समजत नाही. तपासाला येणारा इन्स्पेक्टर शुद्ध बावळट आहे; पुरावा समोर असताना तो भलतीकडेच पाहतो. आणि इतके सोसून शेवटी कोणालाही शिक्षा होत नाही! याउलट ज्यांना हा चित्रपट प्रिय आहे ते सांगतात की, तो दुसऱ्यांदा पाहावा. खुनी माहीत झाला की मन मोकळे होते आणि मग वाड्यातील माणसे दिसू लागतात. (खुनी कोण, हे येथे सांगणे इष्ट नव्हे. ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांचा हक्क अबाधित राहिला पाहिजे.)

दोन्ही पक्षांचे म्हणणे पारखून पाहण्यासाठी इंग्लंडपर्यंत जाण्याचे कारण नाही. दिल्लीच्या उत्तरेस जी खडकाळ टेकडी आहे तिच्यावर हिंदूराव रुग्णालय उभे आहे. बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या हजारोंपैकी फार थोड्यांना हे नाव एका मराठा सरदाराचे आहे याची कल्पना असेल. हिंदूराव घाटगे हे कागलच्या घाटगे घराण्यातले, सर्जेरावांचे पुत्र आणि दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांचे बंधू. १८०३ च्या सप्टेंबरात यमुनेपलीकडील पटपडगंजच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचा पराभव होऊन दिल्ली इंग्रजांकडे गेली. त्यानंतर तीन दशकांनी शिंद्यांच्याच या आप्ताने टेकडीवरील एका इंग्रज अधिकाऱ्याची कोठी विकत घेतली. कोठी विक्रीस निघाली याचे कारण तिचा मालक मारला गेला होता.

त्या मालकाचे नाव विल्यम फ्रेझर. दिल्लीतील कंपनी सरकारचा हा सर्वोच्च प्रतिनिधी. २२ मार्च १८३५ रोजी किशनगढच्या राजाकडील मेजवानी आटोपून तो रात्री घरी परतत होता. कोठीच्या वाटेवर एक घोडेस्वार जवळ आला, अगदी निकटून बार उडाला आणि फ्रेझर कोसळला. सारे प्रकरण काही क्षणांचे. तपासात करीम खान नावाचा मारेकरी सापडला. तो फिरोजपूर झिरक्याचे तरुण नवाब शम्सुद्दीन अहमद खान यांचा माणूस होता. ऑगस्टमध्ये करीम खानाला आणि ऑक्टोबरात खुद्द नवाबाला काश्मिरी दरवाजाबाहेर फाशी देण्यात आले.

आता या घटनेवर कोणी चित्रपट काढावयाचे ठरविले तर गोळी केव्हा झाडावी? पहिल्याच प्रसंगात झाडली तर प्रेक्षक क्षणभर दचकेल. परंतु पुढे सांगण्यासारखे काय उरेल? मारेकरी लवकर सापडतो, नवाबाचे नावही लवकर पुढे येते. रहस्य असे फारसे नाहीच. जे आहे ते सर्व गोळीच्या आधी घडलेले आहे. नवाबाचे वडील अहमद बख्श खान यांचा फ्रेझरशी जुना घरोबा होता, म्हणजे मारला गेलेला माणूस नवाबाला वडिलांच्या ठिकाणी होता. वडिलांनी लोहारूचा परगणा धाकट्या सावत्र भावांना दिला. शम्सुद्दीनला तो आपलाच वाटे. फ्रेझरने सावत्र भावांची बाजू घेतली आणि एके दिवशी नवाबाला आपल्या दारातून परत पाठविले. हा अपमान मुरत गेला. करीम खान दिल्लीत येऊन संधीची वाट पाहत कित्येक आठवडे राहिला. त्या अवधीत तो बाजारात हिंडला, लोकांत मिसळला आणि कोणाला त्याचे काही विशेष वाटले नाही. चित्रपटाचा पहिला तास याच गोष्टींचा असावयास नको काय? शम्सुर्रहमान फारुकी यांनी तेच केले. त्यांची ‘कई चाँद थे सरे-आसमाँ’ ही उर्दू कादंबरी २००६ साली आली आणि २०१३ मध्ये तिचा इंग्रजी अवतार त्यांनी स्वतःच सिद्ध केला. नवाबाची सहचरी वजीर खानम हिच्या जीवनाचा विस्तीर्ण पट मांडता मांडता फ्रेझरचा खून ओघात येतो. तोवर वाचक त्या घरांतून इतका वावरलेला असतो की बंदुकीचा आवाज त्याला आपल्याच अंगणात झाल्यासारखा वाटतो. वजीर खानमचा मुलगा त्या वेळी जवळजवळ चार वर्षांचा होता. पुढे तोच शायर दाग देहलवी म्हणून प्रसिद्धी पावला.

पात्रांच्या गर्दीविषयीची तक्रारही या खटल्याच्या उजेडात पाहण्याजोगी आहे. तपासाची सूत्रे साहेब लोकांच्या हाती होती खरी; पण गुन्हा उघडकीस आला तो कशामुळे? तरुण जॉन लॉरेन्स, जो पुढे व्हाइसरॉय झाला, नवाबाच्या दिल्लीतील वाड्यात गेला असता एक देखणा घोडा बांधलेला दिसला. तो आजारी आहे, काही खात नाही, असे सांगण्यात आले. दाण्याचा तोबरा पुढे येताच घोडा अधाशासारखा खाऊ लागला; आणि त्याच्या खुरांवर खिळ्यांच्या भलत्याच खुणा होत्या. ही हकीकत लॉरेन्सच्या चरित्रात आली आहे. तेथेच एका चामडी बादलीत चिठ्ठीचे कपटे सापडले. ते जुळविल्यावर नवाब करीम खानाला कुत्री खरेदी करण्याच्या कामाची आठवण देत आहे, असा मजकूर निघाला. कुत्री म्हणजे काय, हे पुढे कळलेच. नवाबाच्या गळ्याला फास बसला तो मात्र अनिया नावाच्या एका मेवाती माणसाच्या साक्षीने. खुनाच्या रात्री तो करीम खानाच्या जोडीला होता. बातमी घेऊन तो पायी फिरोजपुरास धावला. तेथे पोहोचल्यावर आपलाही काटा काढला जाणार असे त्याला वाटले, तेव्हा डोंगरात पळाला आणि अखेर माफीचा साक्षीदार झाला. घोड्याचा मोतद्दार, तोबरा, पाण्याची बादली, पायी धावणारा चाकर: ही सगळी कथेच्या कडेला उभी असलेली मंडळी. यांतले एक पात्र गाळा, आणि खटला उभा राहत नाही.

आल्टमनने नेमके हेच धरले. माडीवरील कोणताही प्रसंग नोकराच्या उपस्थितीवाचून दाखवावयाचा नाही, असा दंडक त्याने स्वतःवर घालून घेतला होता. धनीमंडळी दासीसमोर वाटेल ते बोलतात, कारण दासी हे त्यांच्या लेखी सामान आहे. दोन कॅमेरे सतत हळूहळू सरकत राहतात आणि नटांच्या अंगावर स्वतंत्र ध्वनिग्राहक बसविलेले असल्यामुळे कोपऱ्यातली कुजबुजही टिपली जाते. सगळे एकदम बोलतात ही तक्रार खरी आहे. परंतु भरल्या घरात याहून वेगळे काय होते? दिवाणखान्यात आयव्हर नोव्हेलो पियानोवर गात आहे, पाहुणे कंटाळले आहेत, आणि बाहेरच्या अंधाऱ्या बोळात, जिन्यावर नोकरमाणसे जीव कानात आणून ऐकत उभी आहेत. खून त्याच वेळी होतो. गाणे ऐकण्यात रमलेल्या प्रेक्षकाच्या हातून तो निसटला तर दोष त्याचा नाही. दिग्दर्शकाची तीच इच्छा आहे. बावळट इन्स्पेक्टर नोकरांना फारसे विचारीतच नाही. वृद्ध काउंटेसची तरुण दासी मेरी हिला मात्र सारे उलगडते. तिला कोणी विचारले नाही, म्हणून ती कोणाला सांगतही नाही.

याचा अर्थ संथपणा हा स्वतःच एक गुण आहे असा मुळीच नव्हे. निर्मात्याने जुनी मोटारगाडी भाड्याने आणली म्हणून ती तीनदा दाखवावयाची, झुंबरावर कॅमेरा खिळवून ठेवावयाचा, नायिकेच्या शालूचे काठ मोजीत बसावयाचे, हा प्रकार काळाचे चित्रण नसून दुकानाची मांडणी होय. अशा चित्रपटावर प्रेक्षक वैतागला तर त्याचे बरोबरच आहे. दिबाकर बॅनर्जी यांच्या २०१५ सालच्या ‘डिटेक्टिव्ह ब्योमकेश बक्षी’विषयी असेच दोन तट पडले. महायुद्धकाळातील कलकत्ता उभे करण्यातली मेहनत सर्वांना मान्य होती, परंतु त्या कलकत्त्यात कथा वारंवार हरवते, असे कित्येकांना वाटले. चाल मंद असली तरी पाऊल पुढे पडत आहे की नाही, एवढे पाहावे. विलंबित एकतालातला ख्याल अर्धा-पाऊण तास तन्मयतेने ऐकणारा आपला श्रोता मंदगतीला भीत नाही. समेवर येणार हा विश्वास मात्र त्याला हवा असतो. तो विश्वास गायकाने पहिल्या आवर्तनात द्यावा लागतो आणि दिग्दर्शकानेही पहिल्या पाव तासात.

शेवटी राहते शिक्षेची तक्रार. ‘गॉसफर्ड पार्क’मध्ये कोणी पकडले जात नाही आणि प्रेक्षकाला चुकल्याचुकल्यासारखे वाटते. दिल्लीत दोघे फासावर गेले, तरी शहराचे समाधान झाले नाही. नवाबाचा देह फासावर लटकताना पश्चिमेकडे वळला. लोकांनी तो हौतात्म्याचा संकेत मानला, असे स्लीमनने आपल्या प्रवासवर्णनात नोंदविले आहे. नवाबाशी आप्तसंबंध आणि पेन्शनचा तंटा, तर फ्रेझरशी मैत्री, अशा कात्रीत सापडलेल्या मिर्झा गालिबांनीच फितुरी केली असा प्रवाद उठला आणि तो त्यांना पुष्कळ दिवस जाचला. फ्रेझरसाठी कर्नल स्किनरने काश्मिरी दरवाजाजवळील आपल्या चर्चच्या आवारात संगमरवरी थडगे बांधविले; १८५७ च्या धामधुमीत ते फोडले गेले. त्याच वर्षी टेकडीवरची कोठी इंग्रजांचे मोक्याचे ठाणे झाली आणि तोफांच्या माऱ्याने तिची चाळण झाली. हिंदूराव ते पाहावयास नव्हते. ते १८५५ मध्येच वारले होते. आज तेथे दवाखान्याच्या गाड्या येतात, रिक्षावाले ‘हिंदूराव, हिंदूराव’ अशा हाका देतात. आणि फ्रेझरचे नाव तेथे कोणाच्या तोंडी येत नाही.